त्रिंकोमालीहून परतलेल्यांना पुरावे का मागायचे?

श्रीलंकेत भारतीय शांतिसेनेने केलेल्या ऑपरेशन पवनमध्ये लढलेल्या जवानांचा सन्मान कसा करायचा, करायचा की नाही, हा वाद मायदेशात अजून पुरता मिटलेला नाही. ती मोहीमच चुकीची होती, मग तिचा सोहळा कसला, असं एक बाजू म्हणते. जवानाला मोहीम निवडायचा अधिकार कधी होता, असं दुसरी विचारते. 29 जुलै 1987 रोजी भारत-श्रीलंका करार झाला, ऑक्टोबरात शांतिसेना एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढायला लागली आणि 24 मार्च 1990 रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमाली या श्रीलंकेतल्या बंदरातून निघाली. अकराशेहून जास्त जवान गेले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पण परतणारी जहाजं मद्रासला लागली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. पुढे श्रीलंकेने कोलंबोजवळ कोट्टे इथे या जवानांचं स्मारक उभारलं. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक, जिथे त्यांची नावं आहेत, ते त्यानंतर, 2019 साली झालं.

अमेरिकेत राहणाऱ्याला हा वाद ऐकताना व्हिएतनाम आठवतंच. इथले सैनिक तर परतलेही एकेकटे. नेमणूक बारा महिन्यांची, मरीनची तेरा, आणि प्रत्येकाची वेगळ्या तारखेला संपणारी. तुकडी एकत्र परतायचीच नाही, त्यामुळे मिरवणूक काढायची तरी कुणाची? आज जंगलात असलेला मुलगा दोन-तीन दिवसांत आईच्या स्वयंपाकघरात, शेजारी एकही सोबती नाही. विमानतळावर लोक त्यांच्यावर थुंकले असं पुष्कळ सांगितलं जातं; त्याच्या खरेपणावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्याहून जिव्हारी लागते ती कागदोपत्री झालेली हेळसांड, कारण तिच्यावर वाद घालायला जागाच नाही. पीटीएसडी, म्हणजे भीषण अनुभवानंतर मनावर राहणारा आघात, हे निदान मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं 1980 साली. अमेरिकी सैन्याने व्हिएतनामच्या रानांवर केलेली एजंट ऑरेंजसारख्या तणनाशकांची फवारणी 1962 ते 1971 चालली, आणि त्यातून होणाऱ्या आजारांसाठी कायदा झाला 1991 साली.

या कायद्याचं मर्म समजून घेण्यासारखं आहे. सैनिकाने दोनच गोष्टी दाखवायच्या: त्या काळात तो तिथे होता, आणि त्याला यादीतला आजार आहे. आजार त्या फवारणीमुळेच झाला हे सिद्ध करायची गरज नाही, ते सरकारने गृहीत धरायचं. याआधी लोक अडकत होते ते नेमके इथेच. कोणत्या दिवशी कुठल्या रानावर विमान गेलं आणि आपण तेव्हा कुठे उभे होतो, हे वीस वर्षांनी कुठला शिपाई सांगणार? 2022 साली त्या यादीत उच्च रक्तदाबही आला. तोवर कितीतरी जण वाट बघत गेले होते.

व्हिएतनाममध्ये गेलेल्या सैनिकांच्या स्मारकाची वॉशिंग्टनमधली भिंत 1982 साली उभी राहिली, तीही एका माजी सैनिकाच्या पुढाकाराने जमवलेल्या वर्गणीतून. 1,421 आराखड्यांतून निवड झाली ती एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीच्या, माया लिन यांच्या आराखड्याची. काळा ग्रॅनाइट आपल्या बंगळूरचा. त्यावर नावं आहेत, हुद्दे नाहीत, आणि क्रम मृत्यूच्या तारखेचा. त्यामुळे एकाच चकमकीत पडलेले मित्र शेजारी शेजारी राहतात. नावापुढे चौकट (पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण) असली तर मृत्यू निश्चित, क्रूस असला तर बेपत्ता. अवशेष सापडले की त्याच क्रुसावर चौकट कोरतात. कुणी जिवंत परत आला असता तर क्रुसाभोवती वर्तुळ कोरायचं ठरलं होतं. तसं एकही वर्तुळ कोरावं लागलेलं नाही. युद्ध बरोबर होतं की चूक, याबद्दल भिंत अवाक्षर काढत नाही. म्हणून युद्धाचे समर्थक आणि विरोधक दोघेही तिथे बोटाने नाव शोधू शकतात.

सन्मान केला की अत्याचारांवर पांघरूण पडतं, ही भीती खोटी नाही. ऑक्टोबर 1987 मध्ये जाफनाच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेले. ते झाकून केलेला कोणताही सन्मान मला नको. अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात 1968 साली हत्याकांड केलं. मध्ये पडून गावकऱ्यांना वाचवणारे वैमानिक ह्यू थॉम्पसन आणि त्यांचे दोन साथीदार यांना सैन्याने पदक दिलं, पण 1998 साली, तीस वर्षांनी. अपराध मान्य करणं आणि माणसांचा मान राखणं एकाच हाताने करता येतं, फक्त उशीर करू नये.

आता आपल्याकडे काय करता येईल? अमेरिकेत 29 मार्चला व्हिएतनामच्या माजी सैनिकांसाठी होणाऱ्या कार्यक्रमांतून एक नियम जरूर उचलावा. व्हिएतनामकाळातल्या सैनिकांना जी पिन देतात, तिची अट एवढीच: 1 नोव्हेंबर 1955 ते 15 मे 1975 या काळात कधीही सक्रिय सेवा. आघाडीवर होतात की भांडारात, हे विचारत नाहीत. आपल्या सत्कारांत नेमकी इथे फट पडते: पदकवाले व्यासपीठावर, ड्रायव्हर आणि स्वयंपाकी मागच्या खुर्च्यांवर.

सन्मान करायच्या जवानांची यादी करायची तर सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करावी, आणि परतल्यानंतर वारलेल्यांना तीत आधी घ्यावं. इथली भिंत युद्धातल्या मृत्यूंपुरतीच आहे. नंतर आजाराने किंवा मनाच्या जखमांनी गेलेल्यांसाठी जवळ एक पाटी बसली, ती 2004 साली. त्यांच्या विधवांच्या घरी हार घेऊन जाण्याआधी कागद तपासावेत. पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर) ‘लक्ष्मीबाई’ आणि आधारवर ‘लक्ष्मी’ एवढ्या फरकानेही कुटुंबनिवृत्तिवेतन अडतं. ती दुरुस्ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत होते, महार रेजिमेंटचं असेल तर मध्य प्रदेशातल्या सागरपर्यंत पत्रव्यवहार. एकट्या बाईला ते झेपत नाही. सोबत बसून अर्ज लिहिणारा कुणीतरी लागतो.

आणि सुरुंगात पाय गेलेले आहेतच. कृत्रिम पाय एकदा बसवला की संपलं, असं नसतं. उरलेल्या पायाचे स्नायू वर्षानुवर्षं आटत जातात, खोबण सैल होते, चालताना पाय आत वरखाली घासतो, कातडी सोलवटते आणि मग माणूस तो पाय काढून कोपऱ्यात ठेवतो. नवी खोबण माप घेऊनच करावी लागते. पुण्यातलं सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून हेच काम करतंय. साठी उलटलेल्या जवानाला गावाहून तिथे नेऊन आणायला एक गाडी आणि दोन-चार दिवस मोकळा असलेला एक माणूस लागेल.