चौकडी, चिखल आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार ताई,

‘या मोसमातले प्रिंट्स’ या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि जरा रागावून लिहिलंत, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यात धड हिवाळा नाही, तरी मी पॅरिस-मिलानचे ऋतू इथल्या बायकांच्या गळ्यात मारते, बारीक फुलांची परदेशी नक्षी डोक्यावर घेते, पावसाळ्यात गडद, गच्च नक्षी घाला म्हणून आधीच मळभ असलेले दिवस आणखी उदास करते, आणि कुणबी चौकडीला, म्हणजे कुणबी बायकांच्या लुगड्यावरच्या चौकोनांना, बिबट्याच्या ठिपक्यांशेजारी बसवून बाजारू करते. शिवाय जाता जाता विचारलंत, की मग कॉलेजात जाणाऱ्या लेकीला चवथीला, गणपतीच्या सणाला, घ्यावं तरी काय.

तिकडचे ऋतू मी आणत नाही ताई, दुकानदार आणतो. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिसला सप्टेंबरात दिसतात ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचे कपडे, आणि फेब्रुवारी-मार्चात दिसतात ते येत्या हिवाळ्याचे. तिथला एखादा नमुना गाजला की सुरतेत त्याची पॉलिएस्टरवर नक्कल होते आणि ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही येऊन पडते. मी लिहिलं नाही तरी येतेच. पण या दोन मोसमांखेरीज फॅशनवाल्यांचा आणखी एक मोसम असतो, ‘रिसॉर्ट’ किंवा ‘क्रूझ’. थंडीतून पळून उबदार समुद्रकिनारी जाणाऱ्या पैसेवाल्यांसाठी तो निघाला. माडाची पानं, अननस, ताटाएवढी जास्वंदं, निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांचे नमुने हे सगळं त्यातलं. हा माल दुकानांत लागायची वेळ आणि आपल्याकडे पर्यटक उतरायची वेळ साधारण एकच. गोव्याला हिवाळा नाही हे खरं, पण आपला अर्धा धंदा दुसऱ्यांच्या हिवाळ्यावर चालतो. माडाच्या पानांचा शर्ट कोण घालतं ते कळंगुटला उभं राहून बघा. ज्याच्या परसात माड आहे तो नक्कीच नव्हे! म्हणूनच मी लिहिलं होतं की हा प्रिंट आवडलाच तर पिशवीवर किंवा स्कार्फवर घ्या. अंगभर घेतलात तर मोटारसायकल टॅक्सीचा पायलट तुम्हाला हिंदीत भाडं सांगेल.

बारीक फुलांना परदेशी म्हणालात, ते मात्र उलटं आहे. छापील फुलांचं सुती कापड भारतातून युरोपात गेलं. तिथल्या लोकांना त्याची इतकी चटक लागली, की आपले रेशीमवाले आणि लोकरवाले बुडतील या भीतीने फ्रान्सने 1686 मध्ये त्यावर बंदी घातली आणि 1759 पर्यंत ती उठवली नाही.

पावसाळ्याचा सल्ला मी मागे घेणार नाही. आपली माती लाल. पांढऱ्या कापडावर दूर दूर बुट्टे असलेल्या कुर्त्यावर स्कूटरच्या चाकाचा एकच शिंतोडा उडू दे, दिवसभर लोक बुट्टे नाही, तो डागच बघतात. गच्च भरलेल्या नक्षीत डाग हरवतो. आणि गडद म्हणजे काळा असं मी कुठे म्हटलं? जांभळा, मोरपंखी, विटकरी हेही गडदच. पण या दिवसांत रंगाआधी कापड बघावं लागतं. रेयॉनवर प्रिंट सुंदर उठतो, हात लावला की घ्यावासा वाटतो, पण भिजला की त्याचा धागा कमजोर होतो, घेर जड होऊन लोंबतो आणि दोरीवर अर्धवट ओला राहिला की वास मारतो. पॉलिएस्टर जॉर्जेट पटकन सुकतं; मला ते आवडत नाही, तरी जुलैत तेच कामाला येतं. राजस्थानातल्या बगरू-सांगानेरचं ठशाचं (ब्लॉक प्रिंटचं) काम तर उन्हावरच चालतं, कापड छापून उन्हात वाळवावं लागतं, म्हणून पावसात तिथलं काम मंदावतं. आपणही ते पावसाआधी घ्यावं. घेताना पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या कडेवर घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तो पहिल्याच सरीत तुमच्या सलवारीलाही लागणार.

आता कुणबी चौकडी. इथे तुमचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या दुकानावर निघाला आहे. शेतात राबणाऱ्या बाईने गुडघ्यापर्यंत नेसलेलं, खांद्यावर गाठ मारलेलं ते जाड सुती लुगडं. त्याचं विणणं जवळजवळ थांबलेलं असताना कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) यांनी ते पुन्हा विणून घेऊन रॅम्पवर आणलं. विकत घेणारं कोणी असेल तरच माग चालतो. ‘बाजारू’ नको म्हणून पेटीत जपून ठेवलेल्या लुगड्याने विणकराची चूल पेटत नाही. बाजारू होतं ते वेगळ्याच ठिकाणी. पॉलिएस्टरवर लाल चौकोन छापायचे, त्याची पर्स शिवायची आणि ‘कुणबी’ म्हणून पर्यटकाला विकायची, याला माझाही विरोध आहे. ओळखायला सोपं आहे. खऱ्या चौकडीत रंगवलेलं सूत आडवं-उभं विणलेलं असतं, म्हणून लाल आणि पांढरा धागा जिथे एकमेकांना छेदतात तिथे मधलाच एक फिका लाल दिसतो, आणि उलटी बाजू सुलटीसारखीच असते. छापील चौकडीची उलटी बाजू बहुधा फिकी किंवा पांढरी असते आणि रेघा कापडाच्या धाग्याला सोडून तिरक्या पळतात.

आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, असंही तुम्ही लिहिलंत. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच उलट लिहून ठेवलंय: आडव्या रेघांनी भरलेला चौरस उंच भासतो. पटत नसेल तर नका घालू.

लेकीसाठी: चवथ पावसातच येते आणि तो कपडा नंतर कॉलेजातही चालायला हवा. खणाचा कुर्ता घ्या. त्याची बुट्टी विणलेली असते, धुऊन पुसट होत नाही. अंगभर खण तिला काकूबाई वाटला, तर साधा हातमागाचा कुर्ता आणि ठशाची ओढणी. ओढणी निदान पंख्याखाली सुकते. चपला मात्र चामड्याच्या नकोत. आरत्यांना या घरातून त्या घरात फिरताना एकदा भिजल्या, की दीड दिवसाच्या गणपतीत काही सुकायच्या नाहीत.