सरासरी पगारावर हिशेब नको
कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांचा सरासरी पगार शैक्षणिक कर्जाशेजारी ठेवून ‘पदवी परवडते’ असं लेखात म्हटलंय, ते पटलं नाही. मोजक्या गलेलठ्ठ पगारांमुळे सरासरी फुगते. मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा पगार बघा, आणि तोही पहिल्या नोकरीतला, कारण हप्ते तेव्हाच सुरू होतात. 10 टक्के व्याजाने 10 वर्षांत समान हप्त्यांनी फेडलेलं कर्ज मुद्दलाच्या जवळजवळ 1.6 पट पडतं, आणि शिकत असताना चढलेलं व्याज त्यात धरलेलंच नाही! तोच अभ्यासक्रम कमी फीमध्ये मिळत असेल तर नुसत्या नावासाठी दुप्पट कर्ज काढू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्यांचं शिक्षण अर्धवट सुटतं त्यांचा तर लेखात उल्लेखही नाही, याचं फार वाईट वाटलं. त्यांना पदवीशिवायच तोवर घेतलेलं कर्ज फेडावं लागतं.