पेनड्राइव्ह ‘एमएनटी’त दिसत नाही म्हणून फॉरमॅट मारू नका

सोलापुरातल्या चादर-टॉवेल डिझाइनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘लिनक्समध्ये पेनड्राइव्ह /एमएनटी फोल्डरमध्येच उघडतो. तिथं दिसला नाही तर तो गेला, सरळ फॉरमॅट मारा.’ हे चूक आहे. आत जॅकार्डच्या, म्हणजे विणायच्या नक्षीच्या फायली असतील तर महागातही पडेल.

/एमएनटी (/mnt) ही जागा हातानं, तात्पुरतं माउंट करण्यासाठी, म्हणजे ड्राइव्ह एखाद्या फोल्डरला जोडून उघडण्यासाठी ठेवलेली. एरवी ती रिकामीच असते. उबंटू-डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर आपोआप उघडलेला ड्राइव्ह /मीडिया/युजरचं नाव/ड्राइव्हचं नाव इथं सापडतो. फेडोरा आणि आर्च या प्रकारांवर याच वाटेच्या आधी /रन लागतं. मॅकवर /व्हॉल्यूम्स. ड्राइव्हला नावच दिलेलं नसेल तर फोल्डरला आकडे-अक्षरांचा विचित्र क्रमांक दिसतो. तो व्हायरस नव्हे.

अंदाज कशाला बांधायचा? लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत ‘एलएसबीएलके’ (lsblk) ही कमांड द्या, सगळी अक्षरं स्मॉल. ‘एसडीबी१’सारखी ओळ येते, साइजवरून आपला ड्राइव्ह ओळखा आणि शेवटच्या रकान्यात जागा वाचा. रकाना कोरा असेल तर ड्राइव्ह कॉम्प्युटरला दिसतोय, फक्त माउंट झालेला नाही. फाइल मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर क्लिक करा. यादीत ड्राइव्हच नसेल तर आधी पोर्ट बदलून बघा. फॉरमॅट करायला तिथं काही नसतंच.