एकच स्टार दिलेल्या रिव्ह्यूला उत्तर : स्पीडबोटीला कार्बोरेटर ठेवायचा की इंजेक्शन बसवायचं?

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं आहे : इंजेक्शनचं किट (कंट्रोल युनिटच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) तुम्ही स्वतः आणून दिलंत तरी आमच्या वर्कशॉपने ते बसवायला नकार दिला. कार्बोरेटर (थोडक्यात कार्ब, हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) साफ करायचे पैसे दोनदा घेतले. तरीही शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बोट जोरात वळवली की इंजिन मिसिंग मारतं, आणि बामणोलीला वीस मिनिटं थांबून पुन्हा स्टार्टर मारला तर लवकर चालू होत नाही. टॉप स्पीडही कमी वाटतो. शेवटी लिहिलंय, "आजच्या काळात कार्बोरेटर कोण ठेवतं?"

आधी आमच्या चुका सांगतो. दुसऱ्यांदा जो कचरा आला तो तुमच्या टाकीतून आला होता. पावसाळाभर बोट अर्ध्या टाकीवर उभी होती. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी बसलेला जुना चिकट थरही सोडवतं. आम्ही कार्ब धुतला, पण टाकी रिकामी केली नाही. त्यामुळे आयडलचे (इंजिन नुसतं चालू असताना पेट्रोल देणारे) बारीक जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकं, पुन्हा चोक झाले. त्या दुसऱ्या कामाची मजुरी परत करतो.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. तुमच्या ५.७ लिटरच्या व्ही-८ वर आधीच्या मालकाने गाडीचा ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा जाऊ देणारा) कार्ब चढवलेला आहे. तो साफ करून आम्ही परत बसवून द्यायलाच नको होता. बोटीच्या कार्बमध्ये हवेच्या नळ्या आत वाकवलेल्या असतात. फ्लोट (कार्बमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) अडकून पेट्रोल उसळलं तर ते इंजिनाच्या घशात जातं, बाहेर सांडत नाही. गाडीच्या कार्बमधून ते बाहेर इंजिनावर सांडतं. गाडीत ते रस्त्यावर ठिबकून जाईल, बोटीत मात्र वाफ खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचते आणि एका ठिणगीत पेट घेते. म्हणून कार्बवर फ्लेम अरेस्टर (आगीची झळ बाहेर येऊ न देणारी जाळी) हवाच, आणि स्टार्टर मारण्याआधी ब्लोअर (बिल्जमधली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवायलाच हवा.

वळणावरच्या मिसिंगचं एक कारणही हाच कार्ब आहे. हिशेब सोपा आहे : ३५० घन इंच गुणिले ४८०० आरपीएम, भागिले ३४५६ (घन इंचाचे घनफूट करायला १७२८, आणि इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरतं म्हणून त्याची दुप्पट), म्हणजे ४८६. इंजिन प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास हवा ओढतं, म्हणजे साधारण ४१५ सीएफएम. त्याला ६०० चा कार्ब भरपूर झाला. ७५० च्या रुंद घशातून कमी आरपीएमला हवा संथ जाते, पेट्रोलचे नीट बारीक थेंब होत नाहीत, आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की इंजिन अडखळतं. त्यात फ्लोटची पातळी वर असेल तर वळणात पेट्रोल हवेच्या नळीतून घशात उडतं. खाली असेल तर जेट उघडा पडतो. आयडलला बाऊलच्या (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) बाजूचा स्क्रू काढला की पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकलेलं दिसलं पाहिजे.

पण एक गोष्ट तुम्हीच आठवून सांगा. मिसिंग टाकी पाव असतानाच होतं की भरलेली असतानाही? पाव टाकीवर कडक वळण घेतलं की पेट्रोल एका बाजूला जातं आणि पिकअप (टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी) हवा ओढतो. कार्बमध्ये बाऊलातलं पेट्रोल काही सेकंद निभावून नेतं. इंजेक्शनमध्ये तेवढी शिल्लक नसते. प्रेशर पडलं की इंजिन तिथल्या तिथे बंद. म्हणजे हा दोष टाकीचा असेल तर इंजेक्शन बसवून तो वाढेल.

थांबल्यावर चालू न होण्याचं कारण उष्णता. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, मॅनिफोल्डची (कार्बच्या खालच्या नळ्यांच्या भागाची) धग वर चढते आणि बाऊलातलं पेट्रोल उकळून आत उतरतं. इंजिन ओव्हरफ्लो होतं. मग चालक थ्रॉटल पंप करतो आणि आणखी पेट्रोल आत ढकलतो. कार्बच्या खाली अर्धा इंच जाडीचा उष्णतारोधक स्पेसर घाला. गरम इंजिन चालू करताना थ्रॉटल अर्धा उघडून तसाच धरा, पंप करू नका.

आता किटबद्दल. ते किट गाडीचं आहे आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या भरवशावर चालतं. गाडीचा एक्झॉस्ट कोरडा असतो. बोटीत तो थंड करायला त्यात पाणी सोडलेलं असतं. आयडलला, विशेषतः मोठ्या कॅमच्या (झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणाऱ्या) इंजिनात, थोडा धूर उलटा खेचला जातो आणि त्याबरोबर पाण्याचे थेंब वर येतात. तापलेल्या सेन्सरवर थेंब पडला की आतलं सिरॅमिक तडकतं. मग तो खोटं रीडिंग देतो आणि किट त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल कमी-जास्त करत राहतं.

शिवाय गाडीचा मॅप (किती भाराला किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता) हलक्या भारासाठी पेट्रोल वाचवायला बनवलेला असतो. खंबाटकी उतरताना गाडीचं इंजिन विश्रांती घेतं. बोटीला उतार नाही, पाणी तिला सतत मागे ओढतं. फुल थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेबाराला एक याच्या आसपास हवं. ते लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन जळतो, आणि तेही काठापासून लांब.

प्रेशरचंही तसंच. तुमचा मेकॅनिकल पंप ५ ते ७ पीएसआय (दाबाचं माप) देतो, इंजेक्शनला ४० च्या आसपास लागतात. जुना पाइप आज ठिबकतो तिथून उद्या फवारा उडेल. म्हणजे सगळे पाइप बोटीच्या दर्जाचे नवे, टाकीत रिटर्न लाइन, बोटीसाठीचाच पंप, आणि वायरिंगही नवं. तुमच्या बोटीत स्टार्टर फिरताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जाते. एवढ्या कमी व्होल्टवर कंट्रोल युनिट मध्येच रिसेट होऊ शकतं.

इंजेक्शन वाईट आहे असं आमचं अजिबात म्हणणं नाही. सकाळच्या गारठ्यात ते लगेच चालू होतं, आठही सिलिंडरना सारखं पेट्रोल मिळतं, पेट्रोल वाचतं. उंचीचा हिशेब ते स्वतः करतं. शिवसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१६० फुटांवर आहे. इथे हवा साधारण ६ टक्के विरळ, म्हणून कार्बचं मिक्स्चर ३ टक्क्यांनी रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. उलट २० टक्के इथेनॉलमुळे ते ७ टक्क्यांनी लीन होतं. वजाबाकी करून तुम्हाला कार्बच्या मूळ जेटपेक्षा एक नंबर मोठा जेट लागेल. तो टाकून फुल थ्रॉटलला एक मिनिट चालवून प्लगचा रंग पाहायचा. हीच बोट तारकर्लीला नेलीत तर जेट पुन्हा तपासावा लागेल. दर सीझनला बोट समुद्रावर न्यायची असेल तर बोटीसाठीच बनवलेलं पूर्ण इंजेक्शन घ्या, आम्ही आनंदाने बसवू. सुट्टं किट नको.

टॉप स्पीड कमी वाटतो त्यात प्रोपेलरचाही वाटा आहे. फुल थ्रॉटलला आरपीएम ४४०० च्या खाली राहत असेल तर पिच (एका फेरीत प्रोपेलर जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंच कमी करा, १५० ते २०० आरपीएम वाढतील.

आमचा प्रस्ताव असा : टाकी रिकामी करून धुणं, १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, व्होल्ट पडू नयेत म्हणून अर्थिंगच्या केबल, स्पेसर आणि ६०० चा मरीन कार्ब. या कामात कार्ब बसवायची आणि जेटिंगची मजुरी आम्ही घेणार नाही, आणि फुल लोडची ट्रायल तुमच्यासमोर शिवसागरातच देऊ. तोवर ही बोट चालवू नका, ही कळकळीची विनंती. येताना टाकीच्या तळाचं अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून, न हलवता घेऊन या. खाली वेगळा थर दिसला तर सगळं पेट्रोल काढून टाकावं लागेल.