ओसाड रस्त्यावर दुकान थाटण्यापूर्वी

कलावंत व्हायचं ठरवलंच असेल, तर आधी जागा बघा. गिऱ्हाईक फिरकण्याची सुतराम शक्यता नाही, अशी. दादरला दुकान काढाल तर लोक भाव विचारतील, आणि भाव विचारला की कला संपली. मायकेल एल्मग्रीन आणि इंगार ड्रागसेट या कलावंतांच्या जोडीने हे बरोबर हेरलं. एक डेन्मार्कचा, दुसरा नॉर्वेचा, राहायला बर्लिनला. आणि २००५ साली दुकान कुठे थाटलं, तर अमेरिकेत, पश्चिम टेक्सासच्या वाळवंटात, ९० नंबरच्या हायवेला लागून. जवळचं गाव व्हॅलेंटाइन, तिथली वस्ती एखाद्या चाळीत मावेल एवढी. दुकान म्हणजे कलाकृतीच, नाव ‘प्राडा मार्फा’. प्राडा ही महागड्या पर्सा-बुटांची इटालियन कंपनी, मार्फा हे गाव. आणि ते गाव तिथून चाळीसेक किलोमीटर. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ या जाहिरातीवर विश्वास ठेवून घर घेतलेल्यांनी याबद्दल तक्रार करू नये.

मग माल. तो उंचीच हवा. इथल्या पर्सा आणि उंच टाचांचे बूट प्राडा कंपनीच्या खुद्द मिउच्चा प्राडा यांनी निवडून दिले, २००५च्या हिवाळी फॅशनचे. फॅशनचा माल वर्षभरात शिळा होतो म्हणतात. काचेआड ठेवला की होत नाही, हे ध्यानात घ्या.

दार करा, पण ते उघडता कामा नये. इथेच नवशिके घसरतात. दार उघडलं की आत माणूस बसवावा लागतो, आणि तो दुपारी जेवायला जातो.

बांधकाम मातीच्या कच्च्या विटांचं, वर गिलावा. खर्च सुमारे ८०,००० डॉलर. एवढ्यात आपल्याकडे आरसीसी बंगला झाला असता, असं सासरे म्हणतील. त्यांना शांतपणे सांगा, की ही वास्तू पडण्यासाठीच बांधलीय. डागडुजी करायची नाही, ऊन-वाऱ्यात हळूहळू झिजून तिने मातीला मिळायचं, चंगळवादावरचं भाष्य वगैरे. मूळ संकल्पना खरोखरच अशी होती.

पण उद्घाटन होतं न होतं तोच चोर आले. सहा पर्सा आणि चौदा बूट घेऊन गेले, भिंतीवर ‘मूर्ख’ अशा अर्थाचा शेराही रंगवून गेले. (समीक्षा म्हणून थोडकी, पण फुकट.) बूट सगळे उजव्या पायाचे होते. चोरांनी हे कोणत्या गावी पोचल्यावर पाहिलं असेल, याचा विचार करत मी बराच वेळ सुखात घालवला आहे. असो. लगेच भिंती रंगवल्या, नवा माल आला. नव्या पर्सांचे तळच कापलेले, आणि हात लावला की इशारा जाईल अशी यंत्रणा बसवलेली. थोडक्यात, वास्तू राहिली, मातीला मिळालं ते तत्त्वज्ञान.

सरकारी नोटीस येईल, घाबरू नका. २०१३ साली याच हायवेवर मार्फ्याजवळ प्लेबॉय मासिकाने आपलं बोधचिन्ह, निऑनचा ससा, उभा केला. त्यावरून टेक्सासच्या परिवहन खात्याला जाग आली, आणि जाग आलेल्या खात्याच्या नजरेत आठ वर्षांचं हे दुकानही भरलं. ठपका काय, तर विनापरवाना जाहिरात. विकायला पैशाचा माल नाही, तरी जाहिरात! सशाला गाशा गुंडाळावा लागला. दुकान मात्र २०१४ साली संग्रहालय झालं. एकाच वस्तूचं संग्रहालय, आणि ती वस्तू म्हणजे ते स्वतः. चहाच्या टपरीवाल्यांनी ही पळवाट वकिलाला विचारून ठेवावी. फक्त मग चहा विकता येणार नाही.

प्रेक्षकांची काळजी करू नका, ते येतात. अमेरिकन गायिका बियॉन्से येऊन दुकानासमोर उडी मारून गेली; तेव्हापासून येणारा प्रत्येक जण उडी मारतो. तुमचा भाचा ह्यूस्टनला असेल तर ‘जवळच आहे’ म्हणून नेईल. नऊ-दहा तास लागतात. दशम्या बांधून घ्या, कारण पोचल्यावर पाहायला चार मिनिटं पुरतात आणि आसपास खायला काही नाही. मामींना दार ढकलून बघू द्या, त्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही.

निघताना दुकानाच्या कडेच्या कठड्यावर नजर टाका. लोक तिथे आपापली व्हिजिटिंग कार्डं ठेवून जातात, वर खडा ठेवून. तुमचंही ठेवा. खडा जरा जड बघून घ्या, वारा फार असतो.