माठातला जांभा आणि आर्सेनिक

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आठवड्यात पाच वेळा येऊन गेला: 'नळाच्या पाण्यात आर्सेनिक असतं. पाणी वीस मिनिटं उकळा, नाहीतर माठात जांभ्या दगडाचा तुकडा टाकून रात्रभर ठेवा. वर्षातून एकदा तुकडा धुवा, काळजी मिटली.' चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तर चिपळूणहून दगड मागवलासुद्धा.

नळाची भीती आधी सोडा. मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांतलं. आर्सेनिकचं दुखणं मुख्यतः गंगाखोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीचं आहे, हातपंपांच्या पाण्यातलं: पश्चिम बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातलं बलिया.

उकळून जंतू मरतात. आर्सेनिक भांड्यातच राहतं आणि वाफ होऊन पाणी आटतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं.

जांभ्याचं मात्र अगदीच खोटं नाही, आणि पंचाईत तिथेच आहे. जांभा लाल असतो तो लोहाच्या ऑक्साइडांमुळे, आणि आर्सेनिक त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतं. खरगपूर आयआयटीत जांभ्यावर प्रक्रिया करून फिल्टर बनवलेत. मद्रास आयआयटीतल्या टी. प्रदीप यांच्या गटाचं आर्सेनिक काढायचं 'अमृत' तंत्रही लोहाच्याच जोरावर चालतं. पण तिथे बारीक दाणे असतात, पाणी त्यांच्यामधून ठरावीक वेगाने जातं. मुठीएवढ्या दगडाला पाणी लागतं ते बाहेरून. शिवाय फॉस्फेट आणि सिलिकाही त्याच बाकावर बसायला येतात. विरारच्या लोकलसारखं: डबा भरला की पुढचा प्रवासी फलाटावरच. हवा न लागलेल्या भूजलात आर्सेनिक बऱ्याचदा अशा रूपात असतं की त्यावर विद्युतभारच नसतो. अ‍ॅल्युमिनासारख्या (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) गाळणीला ते नीट धरता येत नाही, आधी त्याचं ऑक्सिडीकरण करून त्याला विद्युतभार असलेल्या रूपात आणावं लागतं.

डबा कधी भरला हे माठाकडे बघून कळत नाही. आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. पिण्याच्या पाण्यात मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, ती फक्त तपासणीत दिसते. काकूंच्या माठात तळाला तांबडा गाळ आणि वर काचेसारखं पाणी होतं. 'बघ किती स्वच्छ,' त्या म्हणाल्या. स्वच्छ होतंच की, दगडाआधीही होतं.

आणि ते धुणं! साध्या पाण्याने चिकटलेलं आर्सेनिक फारसं सुटत नाही. कॉस्टिक सोड्याने सुटतं, पण मग ते धुवणच विषारी. वापरलेला माल ओल्या, हवा न खेळणाऱ्या चिखलात टाकला तर लोह विरघळतं आणि धरलेलं आर्सेनिक पुन्हा मोकळं होतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, काकूंनी अंगठा दाखवला, मी विसरलो. परवा रात्री आमचे वॉचमन भेटले, बलियाचेच. मेसेज त्यांनी गावी धाडला होता. गावातल्या पंपावर कधीतरी लाल फुली मारलेली होती, म्हणून भाऊ लांबून पाणी आणायचा. आता दगड टाकून त्याच पंपाचं पितो. आम्ही गेटवरूनच त्याला फोन लावला.