डोळे बघून झाले असतील तर कानांकडेही बघा

आज मालवणच्या जेटीवर एका बाईने सरळ माझ्या पुतणीच्या तोंडासमोर मोबाईल धरला. विचारणं वगैरे काही नाही. पोरीचा एक डोळा निळाशार, दुसरा तपकिरी, कपाळावर पांढरी बट. "कित्ती गोड! ते कानामागचं मशीन जरा काढता का, फोटो छान येईल."

अहो, त्या मशीनवर ती ऐकते!

तान्ही होती तेव्हा गणपतीत ही माजघरात पाळण्यात आणि ओटीवर भजन, मृदंग, झांजा. पोर ढिम्म. काकी कौतुकाने म्हणाली, "कितक्या गुणाचा चेडू गो, भजनात पण झोपता!" सगळ्यांनी डोळ्यांची दृष्ट काढली. लस द्यायला नेलं तर डॉक्टरही डोळ्यांवरच खूश. अडीच वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा कुठे बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी.

वार्डेनबर्ग सिंड्रोम. १९५१ साली त्या नावाच्या डच नेत्रतज्ज्ञाने सविस्तर मांडलेला. डोळ्यांना, केसांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. तिथे त्या पोचल्या नाहीत की ऐकू येत नाही. म्हणजे ती बट, तो डोळा आम्हाला ओरडून सांगत होते, आणि आम्ही आरती म्हणत होतो.

माझ्या भावाच्या कपाळावरही विशीच्या आत बट आली. तो कलप लावतो. त्याला ऐकू येतं, म्हणून कुणी जोडलंच नाही. उलट वाडीत कुजबुज, "गोऱ्यांचं रक्त असेल." जनुक आमच्या घराण्याचा आणि बोलणी खाल्ली वहिनीने. हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

हो, कोकणात घारे डोळे घरोघर आहेत, प्रत्येकाला सिंड्रोम नसतो. मान्य. सिंड्रोम असलेला प्रत्येकजण बहिराही नसतो. म्हणून तपासायचंच नाही?

काकीवर राग नाही. तीच आता पोरीला समोर बसवून, तोंडाकडे बघायला लावून एकेक शब्द म्हणून घेते. पण मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरातून सुरू झाला, त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं?

वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. तो जनुक बाळात येण्याची निम्मी शक्यता आहे, आम्हाला माहीत आहे. महिन्याच्या आत कानांची तपासणी होणार, मूल झोपलेलं असतानाच होते ती, काही टोचत नाहीत. बारशाला या, पोटभर जेवा. डोळे कुणावर गेले, हे मात्र माझ्या वहिनीला विचारायचं नाही.